अपस्मार आणि पूर्ण भूल: ऑपरेशनची तयारी कशी करावी

अपस्मार असलेल्या माणसाला ऑपरेशन सांगितलं की घरातला पहिला प्रश्न भुलीचा असतो. "मॅडम, भुलीत असतानाच फिट आली तर?" मी भूलतज्ज्ञ आहे, आणि हे विचारताना आईवडिलांचा, नवऱ्याचा, बायकोचा आवाज कसा खाली येतो ते मी चांगलं ओळखते. म्हणून उत्तर आधीच देते. फिट्स आटोक्यात असतील आणि गोळ्या वेळेवर चालू असतील, तर पूर्ण भूल देऊन ऑपरेशन सुरक्षितपणे करता येतं. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांनाही पित्ताशयात खडे होतात, त्यांचीही हाडं मोडतात, हर्निया होतो, सिझेरियन लागतं. अपस्मार आहे एवढ्याच कारणावरून गरजेचं ऑपरेशन टाळत राहू नये.

मला स्वतःला काळजी वाटते ती ऑपरेशनच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी राहून गेलेल्या गोळीची. खाली जे लिहिलं आहे त्यातला बराचसा भाग त्या गोळीबद्दलच आहे.

भुलीमुळे फिट येते का?

भुलीसाठी रोज वापरली जाणारी बहुतेक औषधं फिट दाबणारी आहेत. प्रोपोफॉल, थायोपेंटोन, मिडाझोलाम ही नावं तुमच्या केसपेपरवर दिसतील. एखाद्या रुग्णाची फिट नेहमीच्या औषधांनी थांबतच नसेल, तर अतिदक्षता विभागात त्याला हीच औषधं देऊन झोपवतात. आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन हे भुलीचे वायूही मेंदूतली विद्युत हालचाल शांत करतात. भुलीच्या सुरुवातीला प्रोपोफॉलमुळे कधीकधी हातपाय उडतात, अंग ताठ होतं; ती सहसा फिट नसते. सेव्होफ्लुरेन हा वायू खूप जास्त प्रमाणात आणि जोरजोरात श्वास देऊन वापरला, तर ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, फिटसारख्या लहरी उमटू शकतात, हे आम्हाला माहीत असतं आणि त्याचं प्रमाण आम्ही त्या हिशोबाने ठेवतो. एटोमिडेट या औषधाने अंगाला झटके येतात. अपस्मार असेल तर दुसरा पर्याय हाताशी असताना मी ते वापरत नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फिट्सचा इतिहास असलेल्या ६४१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१० साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या २२ जणांना, म्हणजे ३.४ टक्के रुग्णांना, ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत फिट आली. कोणाला आली? ज्यांना आधीपासून वारंवार फिट्स येत होत्या आणि ज्यांची शेवटची फिट अगदी अलीकडची होती, त्यांना जास्त. भुलीच्या प्रकाराचा किंवा ऑपरेशनच्या प्रकाराचा संबंध दिसला नाही. माझ्या कामातला अनुभवही हाच आहे. भूल देण्याआधीच्या महिनाभरात रुग्णाचा आजार कसा वागत होता, त्यावरून पुढचं बरंचसं कळतं.

आधी कोणाला सांगायचं, कधी सांगायचं

सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा. ऑपरेशनची तारीख ठरली की भूलतज्ज्ञाकडची तपासणी किमान काही दिवस आधी मागून घ्या. आदल्या संध्याकाळी तपासणी झाली तर सोडियम कमी निघालं किंवा न्यूरोलॉजिस्टला काही विचारायचं असलं, तर वेळच उरत नाही. शक्य असेल तर त्याआधी तुमच्या न्यूरोलॉजिस्टना भेटून दोन-चार ओळींची चिठ्ठी आणा: आजाराचा प्रकार, चालू औषधं, आणि तोंडाने गोळी घेता आली नाही तर शिरेतून काय द्यावं. हा शेवटचा मुद्दा तुम्हीच काढा, कारण तो लिहायचा राहून जातो.

काही जण आमच्यापासूनही लपवतात. एक बाई तपासणीला आल्या, सगळे प्रश्न झाले, सगळ्याला 'नाही' म्हणाल्या. सोबतची माणसं औषधं आणायला बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मला फिट्स येतात, गोळी चालू आहे, पण हे घरात सगळ्यांना माहीत नाही." मी त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. सोबतच्यांना थोडा वेळ बाहेर थांबवा, असं डॉक्टरला म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं ही आमची जबाबदारी आहे. पण आम्हाला सांगाच. तुमच्या पोटात फिटची गोळी आहे हे मला माहीत नसेल, तर ती शिरेतून चालू ठेवणं मला कसं सुचणार? वर ऑपरेशननंतर मी तुम्हाला न चालणारं वेदनाशामकही लिहून देईन.

ऑपरेशन पुढे ढकलावं का, हा प्रश्न हमखास येतो. मागच्या काही दिवसांत फिट येऊन गेली असेल, नुकतीच औषधं बदलली असतील किंवा गोळ्या मध्येच बंद केल्या असतील, आणि ऑपरेशन थांबण्यासारखं असेल, तर मी थांबायला सांगते. आधी न्यूरोलॉजिस्टना भेटून घडी बसवावी, मग यावं. अपेंडिक्स फुटलं असेल, आतडं अडकलं असेल, अपघात झाला असेल, तर थांबायचं नसतं. अशा वेळी गोळ्यांची पिशवी घेऊन थेट दवाखाना गाठा. फिट्सचं आम्ही बघतो.

मी काय विचारते

फिट कशी असते, हे मला रुग्णापेक्षा ती पाहणारा माणूस जास्त चांगलं सांगतो. म्हणून त्याला सोबत आणा. मोबाइलवर एखाद्या फिटचा व्हिडिओ असेल तर फारच उत्तम. सुरुवात कुठून होते, डोळे कुठे वळतात, किती वेळ टिकते, नंतर माणूस किती वेळ गुंगीत असतो, हे सगळं त्यात दिसतं. रिकव्हरीत, म्हणजे भूल उतरताना ठेवतात त्या खोलीत, काही वेगळं घडलं तर मला ताडून बघता येतं.

शेवटची फिट कधी आली? जागरणाने येते का, तापात येते का, पाळीच्या दिवसांत येते का? एकामागून एक फिट्स येऊन कधी अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं का? आधी कधी भूल घेतली होती का, तेव्हा काय झालं? झोपेत घोरणं, श्वास अडकणं आहे का? दारूची सवय असेल तर तीही सांगा. ती अचानक सुटली की फिट येऊ शकते आणि ऑपरेशनच्या मुक्कामात ती सुटतेच.

औषधाचं नाव आठवून सांगू नका, गोळ्यांची स्ट्रिपच आणा. 'पांढरी छोटी गोळी, रात्रीची' यावरून मला काही कळत नाही. नावाबरोबर मिलिग्रॅम किती आणि ती गोळी सावकाश विरघळणारी आहे का, हेही स्ट्रिपवर असतं आणि तेही मला हवं असतं.

महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाई गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी आल्या तेव्हा त्यांनी एक कागद आणला होता. तसा कागद मी आता प्रत्येकाला करायला सांगते. त्यावर साधारण असं होतं:

"मला अपस्मार आहे. लेव्हेटिरॅसिटाम ५०० मिलिग्रॅम सकाळी ८ आणि रात्री ८. क्लोबाझाम १० मिलिग्रॅम रात्री ८. आधी डाव्या हाताला मुंग्या येतात, मग मान डावीकडे वळते, शुद्ध जाते. साधारण दीड मिनिट टिकते. नंतर अर्धा तास नीट बोलता येत नाही, ते आपोआप सुधारतं. गोळी गिळता आली नाही तर शिरेतून द्यावी. ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन ही वेदनाशामकं देऊ नयेत."

खाली न्यूरोलॉजिस्टचा आणि घरच्या एका माणसाचा नंबर. या कागदाच्या चार प्रती काढा. एक फाइलला पहिल्या पानावर, एक सर्जनसाठी, एक वॉर्डातल्या सिस्टरांसाठी, एक सोबतच्या माणसाच्या खिशात. सिस्टरांची पाळी बदलते, तेव्हा नव्या सिस्टरांना तोंडी सांगितलेलं पोचेलच असं नाही. कागद मात्र फाइलवर असतो.

रक्ताच्या तपासण्या

कोणती गोळी चालू आहे त्यावर हे ठरतं. व्हॅल्प्रोएट असेल तर प्लेटलेट्स बघायच्या, कारण या औषधाने त्या कमी होऊ शकतात आणि रक्त गोठण्याच्या इतर गोष्टींवरही परिणाम होऊ शकतो. मोठं ऑपरेशन असेल, रक्तस्राव जास्त होणार असेल, तर हे आधी कळलेलं बरं. कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन असेल तर सोडियम. ते कमी असणं हेच फिटला निमंत्रण असतं. टोपिरामेट आणि झोनिसामाइडने रक्तातली आम्लता वाढते. औषधाची रक्तातली पातळी प्रत्येकाची तपासायची गरज नसते. गोळ्या नियमित होत आहेत का याची शंका असेल, किंवा फेनिटॉइनसारखं औषध असेल, तर मी ती मागते, आणि रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढायला सांगते.

आतड्याच्या तपासणीसाठी किंवा ऑपरेशनसाठी पोट साफ करण्याचं औषध दिलं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या जुलाबांत सोडियम घसरू शकतं आणि त्याच वेळी घेतलेली गोळी नीट शोषली न जाता निघून जाऊ शकते. फिटची गोळी आणि ते औषध यांत किती अंतर ठेवायचं, हे आधी विचारून घ्या.

गोळी: आदली रात्र आणि ती सकाळ

एक तरुण, हर्नियाचं ऑपरेशन. कित्येक वर्षांत फिट नव्हती. त्याला सांगण्यात आलं होतं, "रात्री बारानंतर तोंडात काही घ्यायचं नाही." त्याने ते इमानदारीने पाळलं. रात्रीची गोळी तो उशिरा, झोपताना घ्यायचा, ती राहिली. सकाळची राहिली. ऑपरेशनांची यादी लांबत गेली आणि त्याचा नंबर दुपारी लागला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, भूल व्यवस्थित उतरली. संध्याकाळी मळमळत होतं म्हणून तिसरी गोळीही झाली नाही. रात्री वॉर्डात त्याला मोठी फिट आली आणि मला बोलावणं आलं. केसपेपर उलटल्यावर सगळं समजलं. उपाशी राहण्याची सूचना देणाऱ्याने फिटच्या गोळीचा वेगळा उल्लेख केलाच नव्हता.

लेव्हेटिरॅसिटाम मोठ्या माणसाच्या रक्तात ६ ते ८ तासांत निम्मं होतं. एक दिवस गेला की त्याचा अंश उरतो, फार काही नाही. फेनोबार्बिटॉन कित्येक दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्याची एखादी गोळी चुकली तर तेवढा फरक पडत नाही. आणि क्लोबाझाम, क्लोनाझेपामसारखी औषधं एकदम थांबली तर मेंदूवरचा लगाम अचानक सुटल्यासारखं होतं.

म्हणून हे पक्कं करा. उपाशी राहायचं म्हणजे जेवायचं नाही. फिटची गोळी घ्यायची, घोटभर साध्या पाण्याबरोबर. भूल देण्याआधी घन आहार ६ तास आणि साधं पाणी २ तास बंद ठेवायचं, हा सर्वसाधारण नियम आहे. गोळीसोबतच्या एका घोटाने त्यात बाधा येत नाही. तरीही तुमच्या भूलतज्ज्ञाला स्पष्ट शब्दांत विचारा: "माझी सकाळची गोळी मी किती वाजता घेऊ?" 'घेऊ का' असं विचारू नका, 'किती वाजता' विचारा. मग उत्तरही नेमकं मिळतं, आणि ते फाइलवर लिहून घ्या. फाइलवर नुसतं 'एनबीएम' (तोंडाने काही द्यायचं नाही) असेल तर त्याखाली 'फिटची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर द्यावी' अशी ओळ लिहायची विनंती करा.

गोळीची वेळ आणि ऑपरेशनची वेळ एकमेकांवर येत असेल तर गोळी थोडी आधी घ्या. रोजची ८ ची असेल आणि ऑपरेशन ८.३० ला असेल, तर मी ६ ला घ्यायला सांगते. ऑपरेशन दुपारवर गेलं आणि मधली गोळी येत असेल, तर वॉर्डातून फोन करून विचारा. वाट पाहत बसू नका. यादीत शक्य तितकं वरचं नाव मागा. सकाळी पहिला नंबर लागला की उपासमार कमी, ताटकळणं कमी, आणि संध्याकाळची गोळी बहुतेक तोंडानेच घेता येते.

आदल्या रात्री झोप लागणं महत्त्वाचं आहे. जागरण हे फिटचं जुनं कारण, आणि परक्या पलंगावर, शेजारच्या खोकल्यात, झोप लागत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर झोपेसाठी सौम्य औषध मिळू शकतं. बऱ्याचदा तेच औषध फिटपासूनही संरक्षण देतं. स्वतःच्या मनाने मात्र काही घेऊ नका.

तोंडाने घेता येणार नसेल तर? पोटाचं मोठं ऑपरेशन असेल, नंतर दोन-चार दिवस तोंडाने काही द्यायचं नसेल, तर त्याची व्यवस्था आधी ठरलेली हवी. लेव्हेटिरॅसिटाम, व्हॅल्प्रोएट, लॅकोसामाइड, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटॉन ही औषधं शिरेतून देता येतात. लेव्हेटिरॅसिटामचा तर तोंडाचा आणि शिरेतला डोस सारखाच असतो, बदल अगदी सोपा. कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन यांच्याबाबतीत मात्र तसा सोयीचा पर्याय बहुतेक ठिकाणी हाताशी नसतो, म्हणून तात्पुरतं दुसरं औषध कोणतं द्यायचं हे न्यूरोलॉजिस्टकडून आधीच लिहून आणा. लॅमोट्रिजिन सलग काही दिवस बंद राहिली, तर ती परत पूर्ण डोसवर एकदम सुरू करता येत नाही, अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. घरी गेल्यावर 'राहिलेल्या गोळ्या चालू करू' असं परस्पर ठरवू नका.

नाकातल्या नळीतून औषध द्यायचं असेल तर सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत. दिवसभराचं औषध एकदम सुटतं आणि नंतर काही उरत नाही. अशा वेळी पातळ औषध मागा. फेनिटॉइन नळीतल्या आहाराला चिकटून बसतं, त्यामुळे दोन्हींत अंतर ठेवावं लागतं.

आणि आपल्या गोळ्या आपल्या घरूनच न्या, मुक्काम लांबला तरी पुरतील इतक्या. दवाखान्याच्या औषधालयात तुमचीच गोळी, त्याच कंपनीची, त्याच डोसची असेलच असं नाही. पण त्या सिस्टरांना दाखवून, नोंद करूनच घ्या, नाहीतर एकच गोळी दोनदा होते.

ऑपरेशन थिएटरात

इथे तुम्हाला फारसं करायचं नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. मुखवट्यातून ऑक्सिजन घेताना शांत, नेहमीसारखा श्वास घ्या. घाबरून भराभर श्वास घेतला तर काही प्रकारच्या फिट्स उचल खातात. लहान मुलांच्या बाबतीत यासाठीच मी आईला किंवा वडिलांना भूल लागेपर्यंत जवळ थांबू देते. रडून धाप लागलेल्या मुलापेक्षा कुशीत शांत असलेल्या मुलाला भूल देणं कधीही चांगलं.

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटॉन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये स्नायू शिथिल करणारी काही औषधं, जशी व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियम, लवकर उतरतात. आम्हाला ती जास्त किंवा पुन्हा द्यावी लागतात. तुम्ही गोळीचं नाव बरोबर सांगितलं असेल तर याची तयारी आधीच असते. स्नायू शिथिल असताना फिट बाहेरून दिसत नाही, हेही खरं आहे. तेव्हा आम्ही नाडी, रक्तदाब, डोळ्यांच्या बाहुल्या यांच्यावर लक्ष ठेवतो, आणि शंका आली तर भूल आणखी गडद करतो. गडद भूल हाच फिटवरचा उपाय असतो.

"मग मणक्यातली भूल जास्त सुरक्षित नाही का?" अपस्मारात ती चालते, पण पूर्ण भुलीला घाबरून ती निवडायची गरज नाही. कोणतं ऑपरेशन आहे त्यावर हे ठरवावं. पोटाच्या खालच्या भागाचं किंवा पायाचं असेल तर मणक्यातली भूल छान. डोळ्याचं नाजूक ऑपरेशन असेल आणि फिट्स आटोक्यात नसतील, तर जागेपणी फिट येऊन डोकं हललं तर काय, हा विचार करावा लागतो आणि पूर्ण भूल बरी ठरते. जागा बधिर करणाऱ्या औषधाचा डोस मात्र मर्यादेतच हवा, कारण ते रक्तात जास्त गेलं तर कोणालाही फिट आणू शकतं.

दोन खास गोष्टी. फिट्स कमी करण्यासाठी गळ्याजवळच्या व्हेगस मज्जातंतूला जोडलेलं यंत्र छातीत बसवलेलं असेल, तर ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा, आणि त्याचं चुंबक सोबत आणा. कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं साधन) वापरायची असल्याने ते बंद करायचं का, परत कधी चालू करायचं, हे ठरवावं लागतं. आणि मूल कीटोजेनिक आहारावर (फिट्ससाठीचा जास्त स्निग्ध, अगदी कमी साखर-पिष्टाचा आहार) असेल तर ग्लुकोजचं सलाईन लावू नये, गोड पातळ औषधंही देऊ नयेत. त्या साखरेने या आहारामुळे रक्तात तयार झालेले कीटोन्स तुटतात आणि त्यांच्यावरच फिट्सचा आवर टिकलेला असतो. हे फाइलवर लाल अक्षरात लिहून घ्या, कारण सलाईन लावणारा माणूस प्रत्येक वेळी तोच नसतो.

शुद्धीवर येताना

भूल उतरताना पुष्कळांना हुडहुडी भरते. सगळं अंग थरथरतं, दात वाजतात. सोबतचा माणूस बाहेरून हे बघून घाबरतो. थरथरताना रुग्ण डोळ्यांनी प्रतिसाद देत असेल, हाक मारल्यावर 'ओ' देत असेल, तर ती थंडी आहे. उबदार पांघरुणाने, औषधाने ती थांबते. मळमळीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडने कधी मान वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर जातात, पण शुद्ध पूर्ण असते. तीही फिट नव्हे. अपस्मार असलेल्यांना मी शक्यतो ऑनडॅनसेट्रॉन देते.

शुद्ध गेली, हाकेला प्रतिसाद नाही, अंग ताठ झालं आणि मग एका तालात झटके सुरू झाले, तर ती फिट समजा. लगेच सिस्टरांना हाक मारा, रुग्णाला कुशीवर वळवा, टाक्यांची बाजू सांभाळा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. फिट ५ मिनिटांवर लांबली तर ती आपोआप थांबेल अशी वाट बघायची नाही. शिरेतून लोराझेपाम किंवा मिडाझोलाम द्यायची वेळ झालेली असते. रुग्णालयात असल्याचा फायदा हा की सलाईनची सुई आधीच लावलेली असते. म्हणून निघायची घाई करून ती सुई काढू देऊ नका. फिटनंतर एका बाजूचा हातपाय काही तास कमजोर राहू शकतो. तुमच्या माणसाचं नेहमीच असं होत असेल तर तेही आधीच्या कागदावर लिहा, म्हणजे पक्षाघाताची धावपळ उगाच होणार नाही. आणि आधी कधीच झालं नसेल तर लगेच सांगा, म्हणजे तपासणी होईल.

वॉर्डातले दिवस

संध्याकाळची गोळी दिली का, हे सोबतच्या माणसाने स्वतः बघायचं. मोबाइलवर गजर लावा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी त्यात दिसली, तर सिस्टरांना तसं सांगा आणि डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या. उलट्या थांबतच नसतील तर शिरेतून औषध मागा. 'उद्या बघू' हे उत्तर या बाबतीत मान्य करू नका. शांतपणे पण परत परत विचारा.

वेदनाशामकांमध्ये पॅरासिटामॉल चालतं. ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन नको, दोन्हींनी फिटचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल बऱ्याचदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं, म्हणून स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा. दुखणं मात्र सहन करत बसू नका. दुखण्याने झोप जाते, आणि झोप गेली की पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. जोरदार दुखण्यावर फेंटानिल, मॉर्फिन यांसारखी औषधं देखरेखीखाली नेहमीच्या डोसमध्ये देता येतात.

प्रतिजैविकांपैकी एक जोडी मी प्रत्येक वेळी तपासते: व्हॅल्प्रोएट आणि मेरोपेनेम. मेरोपेनेम सुरू झालं की व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी वेगाने कोसळते, डोस वाढवूनही भरून निघत नाही. इमिपेनेम आणि अर्टापेनेमचंही तसंच. जंतुसंसर्गात ही औषधं अटळ असतील तर फिटसाठी दुसरं औषध जोडावं लागतं. कार्बामाझेपिन घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर उलट घडतं. पातळी चढते, चक्कर येते, दोन-दोन दिसतं. नवं औषध सुरू होताना एवढंच विचारा, "हे माझ्या फिटच्या गोळीबरोबर चालतं ना?"

ताप चढला तर लगेच कळवा. पलंगाचे कठडे वर ठेवा, विशेषतः रात्री.

सुट्टी मिळताना

फिट्स नीट आटोक्यात असतील आणि ऑपरेशन छोटं असेल तर त्याच दिवशी घरी जाता येतं. वारंवार फिट्स येणाऱ्याला मी एक रात्र थांबवून घेते. सुट्टीच्या कागदावर फिटच्या गोळ्या लिहिल्या आहेत का ते तिथेच वाचा. ऑपरेशनची औषधं लिहिताना जुनी औषधं कागदावरून गळतात, आणि मग घरचे समजतात की ती बंद केली. पुढची गोळी किती वाजता, मागची किती वाजता दिली, हे सिस्टरांकडून लिहून घ्या.

पहिले २४ तास कोणीतरी मोठं माणूस सोबत हवं. न्हाणीघराची कडी आतून लावू नका. गाडी चालवणं, शिडीवर चढणं, विस्तवाजवळ एकट्याने काम करणं त्या दिवशी नको. टाके निघेपर्यंत फिट आली तर ती थांबल्यावर कपडा बाजूला करून जखमेची जागा बघा आणि सर्जनला फोन करा, कारण झटक्यांत टाके सुटू शकतात. ऑपरेशनच्या काळात एखादं औषध बदललं असेल, डोस चुकला असेल किंवा फिट आली असेल, तर सुट्टीचा कागद घेऊन त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना भेटा. भुलीच्या नोंदीची एक प्रतही मागून घ्या आणि आजाराच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी दुसरा भूलतज्ज्ञ असेल तेव्हा, मागच्या वेळी कोणती औषधं चालली हे त्यावरून त्याला कळेल.